ब्रिगहॅम यंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिगहॅम यंग नेमके कोण होते?

मॉर्मन पंथाचे दुसरे अध्यक्ष, युटा प्रांताचे पहिले गव्हर्नर आणि सॉल्ट लेक सिटीचे संस्थापक. १ जून १८०१ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात व्हिटिंगहॅम गावी गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म, अकरा भावंडांत नववे. २९ ऑगस्ट १८७७ रोजी सॉल्ट लेक सिटीत मृत्यू. जवळपास तीस वर्षे पंथाची सूत्रे त्यांच्याकडे होती.

म्हणजे मॉर्मन पंथ यांनी काढला का?

नाही. ही गल्लत फार होते. पंथ काढला जोसेफ स्मिथ यांनी, १८३० साली, न्यूयॉर्क राज्यात. यंग दोन वर्षांनी आले, तेही घाई न करता: ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ हाती पडल्यावर जवळजवळ दोन वर्षे वाचत, पारखत राहिले आणि एप्रिल १८३२ मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्ममताचा बराचसा पाया स्मिथ यांचा. तो पंथ विखुरला नाही, त्याला जमीन, पाणी, गावे आणि शिस्त मिळाली, हे यंग यांचे काम. ‘मॉर्मन’ हे बाहेरच्यांनी दिलेले आणि रूढ झालेले नाव. पंथाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे आणि २०१८ पासून चर्च तेच वापरण्याचा आग्रह धरते. इथे सोयीसाठी आम्ही रूढ नाव वापरले आहे.

धर्मात येण्याआधी ते काय करत?

सुतारकाम, रंगकाम आणि खिडक्यांना काचा बसवण्याचे काम. शाळेत आपण जेमतेम अकरा दिवस गेलो, असे ते स्वतः सांगत. चौदाव्या वर्षी आई क्षयाने गेली आणि थोड्याच दिवसांत कामाला लागावे लागले. १८२४ मध्ये मिरियम वर्क्स यांच्याशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. १८३२ मध्ये मिरियमही क्षयानेच गेल्या.

हा कारागिरी पिंड शेवटपर्यंत सुटला नाही. १८७३ मध्ये त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीच्या सूचना लिहून ठेवल्या, त्यात शवपेटीचे मापसुद्धा आहे: रेडवूडच्या सव्वा इंच जाडीच्या फळ्या, लांबी अंगापेक्षा दोन इंच जास्त, रुंदी नेहमीपेक्षा दोन-तीन इंच जास्त, आत कापसाची गादी आणि चांगली उशी.

जोसेफ स्मिथ यांच्यानंतर नेतृत्व यंग यांच्याकडे कसे गेले?

२७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना गोळ्या घातल्या. वारस कोण, याचा स्पष्ट नियम नव्हता. यंग त्या वेळी न्यू इंग्लंडमध्ये होते, त्यांना बातमी कळायलाच तीन आठवडे लागले. इलिनॉयमधल्या नावू या मॉर्मनांच्या गावी ते परतले तोवर स्मिथ यांचे सहकारी सिडनी रिग्डन यांनी ‘पालक’ म्हणून दावा मांडला होता. ८ ऑगस्टच्या सभेत यंग यांचा मुद्दा साधा होता: अधिकाराच्या किल्ल्या स्मिथ यांनी बारा प्रेषितांच्या मंडळाकडे दिल्या आहेत, एका माणसाकडे नव्हे. मंडळाचे प्रमुख अर्थातच यंग. सभेने हात वर करून मंडळाला कौल दिला.

बोलताना त्यांचा चेहरा आणि आवाज स्मिथ यांच्यासारखा झाला, ही कथा पंथात श्रद्धेने सांगितली जाते; तिची सविस्तर वर्णने मात्र नंतरच्या काळात लिहिलेली आहेत. आमच्या मते कौल मिळण्यामागे त्याहून ठोस कारण होते. १८३८-३९ च्या हिवाळ्यात मिसूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर घालवले, तेव्हा स्मिथ कैदेत होते आणि हजारोंना इलिनॉयला नेण्याची व्यवस्था यंग यांनी केली होती. १८४०-४१ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. त्या काळात तिथे हजारोंचा बाप्तिस्मा झाला, ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या ५,००० प्रती छापल्या गेल्या आणि स्थलांतरितांची जहाजे सुटू लागली. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले होते.

सगळे त्यांच्यामागे गेले असे मात्र नाही. स्मिथ यांची पत्नी एमा नावूतच राहिली आणि त्यांचा मुलगा तिसरा जोसेफ १८६० मध्ये वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला. ती शाखा आज ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या नावाने आहे.

नावू सोडताना प्रत्येक कुटुंबाने काय काय घ्यायचे ठरले होते?

नावू सोडून पश्चिमेकडच्या डोंगरी भागात जायचे ठरले, तेव्हा ऑक्टोबर १८४५ मध्ये नावूच्या वर्तमानपत्रात यादीच छापली होती. पाच माणसांच्या कुटुंबासाठी: आच्छादन असलेली एक मजबूत गाडी, चार ते दहा वर्षे वयाच्या बैलांच्या दोन-तीन जोड्या, दोन दुभत्या गाई, १,००० पौंड (सुमारे ४५० किलो) पीठ, १०० पौंड साखर, २५ पौंड मीठ, बारा वर्षांवरील प्रत्येक पुरुषामागे एक बंदूक, एक पौंड बंदुकीची दारू, चार पौंड शिसे, २० पौंड साबण, मासेमारीचे चार-पाच गळ. कपडे आणि अंथरूण-पांघरूण ५०० पौंडांच्या आत. दोन कुटुंबांत एक तंबू.

यादीत मसालेही आहेत: एक पौंड दालचिनी, अर्धा पौंड लवंग, डझनभर जायफळे, एक पौंड लाल तिखट. शिवाय एक पौंड चहा आणि पाच पौंड कॉफी! आजचे मॉर्मन चहा-कॉफी पीत नाहीत हे ठाऊक असलेल्यांना याचे नवल वाटते. चहा-कॉफी वर्ज्य करणारा उपदेश १८३३ चाच आहे, पण तो सक्तीचा नियम म्हणून पाळला जाऊ लागला तो पुढे कित्येक वर्षांनी.

यादी उत्तम होती, अंमलबजावणी फसली. वसंतात निघायचे ठरले असताना अटकेच्या आणि हल्ल्याच्या भीतीने फेब्रुवारी १८४६ मध्येच मिसिसिपी ओलांडायला सुरुवात झाली. पुढाऱ्यांबरोबर राहायचे म्हणून कित्येक जण पंधरा दिवसांचाही शिधा न घेता निघाले. त्यातच पाऊस, आणि आयोवाच्या चिखलात चाके आसापर्यंत रुतली. सुमारे ३०० मैलांना चार महिने लागले. त्या वर्षी डोंगर गाठणे शक्यच राहिले नाही. आजच्या ओमाहाजवळ ‘विंटर क्वार्टर्स’ या छावणीत आणि नदीकाठच्या इतर तळांवर हिवाळा काढावा लागला. ताज्या भाज्या नसल्याने स्कर्व्ही, नदीकाठामुळे हिवताप. शेकडो माणसे दगावली.

मग १८४७ चा प्रवास सुरळीत कसा झाला?

कारण यंग यांनी मधल्या हिवाळ्यात पद्धतच बदलली. सगळ्यांना एकदम न्यायचे नाही, आधी निवडक तुकडी. दहा-पन्नास-शंभर माणसांमागे एकेक कप्तान. १४ जानेवारी १८४७ रोजी हा आराखडा त्यांनी दैवी आदेश म्हणून जाहीर केला. धर्मग्रंथात जाऊन बसलेला हा त्यांचा बहुधा सर्वांत कामाचा मजकूर.

पहिल्या तुकडीत १४३ पुरुष, ३ स्त्रिया, २ मुले आणि ७०-७२ गाड्या होत्या. बिगुल वाजल्यावर उठणे, प्रार्थना, जनावरांना चारा, ठरल्या वेळी कूच, रात्री गाड्यांचे रिंगण. रोज किती अंतर तोडले याची नोंद विल्यम क्लेटन ठेवत. अंदाजावर भांडणे होऊ लागली तेव्हा त्यांनी एका गाडीचे चाक मोजले: परीघ १४ फूट ८ इंच, म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांचा एक मैल. ८ मे रोजी चाकाला तांबडे फडके बांधून ते दिवसभर गाडीशेजारी चालत फेऱ्या मोजत राहिले. ४,०७० भरल्या; म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. मग ऑर्सन प्रॅट यांनी मळसूत्री दांडा आणि दातेरी चाकांचे मोजयंत्र आखले व अ‍ॅपलटन हार्मन या सुताराने ते लाकडात बनवले. चाकाच्या सहा फेऱ्यांना दांड्याची एक फेरी, दांड्याच्या साठ फेऱ्यांना मैलाच्या चाकाची एक. या आकड्यांवरून क्लेटन यांनी १८४८ मध्ये वाटाड्या-पुस्तिका छापली. पाणी कुठे, चारा कुठे, पुढचा मुक्काम किती मैलांवर, हे मागून येणाऱ्यांना आधीच कळू लागले.

अंतर सुमारे १,०३० मैल. सुमारे साडेतीन महिन्यांत संपले.

“हीच ती जागा” असे ते खरेच म्हणाले का?

आशय असाच असणार, शब्दांची खात्री देता येत नाही. २४ जुलै १८४७ रोजी यंग डोंगरी तापाने आजारी होते आणि विल्फर्ड वुडरफ यांच्या गाडीत पडून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले. ते प्रसिद्ध वाक्य वुडरफ यांनी सांगितले ते १८८० मध्ये, तेहतीस वर्षांनी. त्यांच्या त्या दिवसाच्या रोजनिशीत ते नाही. शिवाय यंग येण्याआधीच पुढच्या लोकांनी नांगर धरला होता. जमीन इतकी टणक की नांगर मोडले. म्हणून ओढ्याला बांध घालून पाणी शेतात सोडले, जमीन भिजवली आणि मग बटाटे लावले. २४ जुलै हा दिवस आजही युटात सार्वजनिक सुट्टीचा आहे.

कोरड्या खोऱ्यात शहर आणि शेती कशी उभी केली?

शहराची आखणी चौकोनी: दहा-दहा एकरांचे चौक, प्रत्येकात सव्वा एकराचे आठ भूखंड, रस्ते १३२ फूट रुंद. बैलजोडी वळवता यावी म्हणून रस्ते रुंद ठेवले, असे गाइड सांगतात. पण हेच १३२ फूट जोसेफ स्मिथ यांच्या १८३३ च्या नगर-आराखड्यात आहेत. यंग यांनी तो आराखडा डोंगरात आणून वापरला.

पाण्याचा निर्णय याहून महत्त्वाचा. ओढे आणि जंगल कुणा एकाच्या मालकीचे असणार नाही, असे यंग यांनी सुरुवातीलाच जाहीर केले. पाट सगळ्यांनी मिळून खणायचे, ज्याने जितके काम केले त्या हिशेबाने पाणीपाळी. तंटा झाला तर बहुधा बिशपच निवाडा करत. १८५२ च्या कायद्याने पाण्याचे नियंत्रण जिल्हा न्यायालयांकडे दिले.

नवी वसाहत करायची की व्यासपीठावरून नावे वाचली जात. लोहार, गिरणीवाला, सुतार, शेतकरी असा मेळ जमवून कुटुंबे पाठवत. नाही म्हणणे कायद्याने शक्य होते, व्यवहारात अवघड. १८६१ मध्ये दक्षिणेच्या उष्ण भागात कापूस पिकवायला ३०० हून जास्त कुटुंबांना असेच बोलावणे गेले. यंग यांच्या हयातीत सुमारे ३५० वसाहती झाल्या.

त्यांच्या उद्योगांपैकी बरेच बुडाले, हेही सांगायला हवे. लोखंडाचा कारखाना १८५८ पर्यंत बंद पडला. बीटपासून साखर काढण्यासाठी १८५२ मध्ये लिव्हरपूलहून जहाजाने आणि पुढे बैलगाड्यांनी यंत्रे आणली. पण रस शुद्ध करायला लागणारा हाडांचा कोळसा तयार करण्याची भट्टी त्यांत नव्हती. साखर जमलीच नाही, कडवट काकवी हाती आली. सॉल्ट लेक सिटीतल्या त्या भागाला मात्र आजही ‘शुगर हाऊस’ म्हणतात.

हातगाड्यांची दुर्घटना काय होती? चूक कुणाची?

युरोपातल्या गरीब अनुयायांना आणण्यासाठी १८४९ पासून कर्जाऊ निधी होता. तो आटत चालला, तेव्हा यंग यांनी बैलगाड्यांऐवजी माणसांनी ओढायच्या हातगाड्यांची योजना काढली. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे, तिथून पुढे सुमारे १,३०० मैल पायी. पाच माणसांमागे एक गाडी, वीस माणसांमागे एक तंबू, मोठ्या माणसाला १७ पौंड सामान, रोज साधारण एक पौंड पीठ.

योजनाच वेडगळ होती असे म्हणता येत नाही. १८५६ ते १८६० दरम्यान दहा तुकड्यांतून सुमारे ३,००० लोक आले आणि दहापैकी आठ तुकड्या फारशा संकटाविना पोचल्या. फसल्या त्या १८५६ च्या शेवटच्या दोन, विली आणि मार्टिन यांच्या. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. जहाजे लिव्हरपूलहून मे महिन्यात, म्हणजे उशिरा सुटली. आयोवा सिटीत गाड्या तयार नव्हत्या. घाईत न मुरलेल्या ओल्या लाकडाच्या केल्या. मैदानाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसले, चाके खिळखिळी झाली. लाकडी आसात वाळू जाऊन आस झिजले. वंगण नाही म्हणून लोक खायची चरबी आणि साबण लावत. वाटेत फ्लॉरेन्सला, म्हणजे जुन्या ‘विंटर क्वार्टर्स’च्या जागी, दुरुस्तीत आणखी दिवस गेले. तिथे हिवाळा काढावा, असे तुकडीतल्याच लेव्हाय सॅव्हेज यांनी विली तुकडीला कळवळून सांगितले, पण बहुमत निघण्याच्या बाजूने पडले. प्रत्येक गाडीवर ९८ पौंडांचे पिठाचे पोते वाढले. पुढे विली तुकडीचे तीसेक बैल पळाले. ओझे हलके करायला मार्टिन तुकडीने पांघरुणे टाकून दिली आणि १९ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाले.

मागे अजून लोक आहेत हे यंग यांना ४ ऑक्टोबरला कळले. दुसऱ्या दिवशी परिषदेत त्यांनी प्रवचन बाजूला ठेवून मागणी केली: खेचरांच्या ६० जोड्या, १२ ते १५ गाड्या, १२ टन पीठ, ४० गाडीवान. दोन-तीन दिवसांत पहिली मदत निघाली. तरी दोनशेहून अधिक माणसे गेली. यंग यांनी उशिरा पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांना जाहीरपणे झोडपले. ते ठीक, पण खर्च वाचवा म्हणून तगादा त्यांचाच होता आणि मागच्या तुकड्यांसाठी वाटेत शिधा ठेवण्याची व्यवस्थाही कुणी पाहिली नव्हती. आमच्या मते जबाबदारीचा वाटा त्यांच्याकडेही जातो.

त्यांना किती बायका होत्या?

साधारण ५५, मोजणीत एक-दोनचा फरक पडतो. १६ बायकांपासून ५७ मुले झाली. बाकीच्यांपैकी अनेक विवाह केवळ धार्मिक विधीचे होते: वृद्ध विधवा, स्मिथ यांच्या विधवा, एकत्र संसार कधीच न केलेल्या स्त्रिया. काहींनी घटस्फोट घेतला. बहुपत्नीत्व पंथात स्मिथ यांच्या काळीच गुपचूप सुरू होते. जाहीर घोषणा झाली २९ ऑगस्ट १८५२ रोजी. अ‍ॅन एलायझा वेब यांनी १८७३ मध्ये घटस्फोटाचा दावा लावला, देशभर व्याख्याने दिली, आणि पोटगी न भरल्याबद्दल यंग यांना एक रात्र कोठडीत काढावी लागली. मुख्य चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्ये थांबवायचे जाहीर केले. आज असे लग्न केल्यास सभासदत्व जाते.

माउंटन मेडोज हत्याकांडाचा आदेश त्यांनी दिला होता का?

आधी संदर्भ. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी यंग यांना गव्हर्नरपदावरून काढून नव्या गव्हर्नरबरोबर सुमारे २,५०० सैनिक पाठवले. युटात युद्धाची भीती, चिथावणीखोर प्रवचने आणि ‘बाहेरच्यांना धान्य विकू नका’ अशी ताकीद, असे वातावरण होते. त्याच वेळी आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेला गाड्यांचा तांडा दक्षिण युटातून जात होता. ११ सप्टेंबर १८५७ रोजी स्थानिक मॉर्मन पथकाने पायूट या मूळ रहिवासी जमातीच्या काही लोकांना हाताशी धरून, सुरक्षित नेण्याचे वचन देऊन, सुमारे १२० जणांना मारले. फक्त १७ लहान मुले वाचली.

तांड्याला जाऊ द्या, असे यंग यांचे १० सप्टेंबरचे पत्र घेऊन जेम्स हॅसलम हा घोडेस्वार निघाला, पण पोचला १३ तारखेला. आदेश यंग यांनी दिल्याचा थेट पुरावा नाही आणि आजचे बहुतेक अभ्यासक तो स्थानिक पुढाऱ्यांचा मानतात. काही अभ्यासक याशी सहमत नाहीत. नंतरच्या झाकाझाकीबद्दल मात्र फारसा वाद नाही. वीस वर्षांत शिक्षा झाली ती एकट्या जॉन डी. ली यांना, मार्च १८७७ मध्ये त्याच जागी गोळ्या घालून. वसाहती उभ्या करणारी आज्ञाधारक साखळी इथे खुनाच्या कामी आली. यंग यांच्याबद्दल लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत.

कृष्णवर्णीयांबद्दल त्यांची भूमिका काय होती?

वाईट होती, आणि दूरगामी. स्मिथ यांच्या काळात एलायजा एबल यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांना धर्माधिकार (धर्मविधी करण्याचा अधिकार) मिळाला होता. १८५२ मध्ये यंग यांनी आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना तो नाकारल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी युटाच्या विधिमंडळाने गुलामगिरीला कायद्याचे रूप दिले. ही बंदी जून १९७८ पर्यंत टिकली. तिच्यासाठी पूर्वी दिली जाणारी कारणे आपण मानत नाही, असे चर्चने २०१३ मध्ये लेखी स्पष्ट केले.

मूळ रहिवाशांबाबत ‘लढण्यापेक्षा खाऊ घालणे स्वस्त’ हे त्यांचे धोरण नेहमी सांगितले जाते. पण १८५० च्या सुरुवातीला युटा खोऱ्यात टिंपानोगोस लोकांवर हल्ल्याला मंजुरी त्यांनीच दिली होती, आणि पाण्याच्या चांगल्या जागा वसाहतींनी घेतल्यावर त्या लोकांची उपासमार अटळच होती.

महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध?

स्वतः ते कधी इकडे आले नाहीत, मिशनरी आले. १८५१ मध्ये कलकत्त्यात काम सुरू झाले. सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यातही राहिले. श्रोते मुख्यतः ब्रिटिश फौजेतले लोक आणि त्यांची कुटुंबे. लष्करी अधिकारी आणि इतर पाद्री यांचा विरोध होताच; त्यात बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांपर्यंत आली. पुण्यात मूठभर सभासदांची शाखा झाली, पण १८५६ पर्यंत भारतातले सगळे काम गुंडाळले गेले. भारतातल्या पहिल्या मॉर्मन मंदिरासाठी बेंगळुरूची निवड झाली. त्याची घोषणा २०१८ मध्ये झाली.

त्यांचा मृत्यू कशाने झाला? संपत्तीचे काय झाले?

पोटात तीव्र दुखणे, उलट्या, सहा-सात दिवसांत अंत. तेव्हा ‘कॉलरा मॉर्बस’ (पोटाच्या तीव्र विकाराचे जुने नाव) म्हटले गेले. लक्षणांवरून आज अपेंडिक्स फुटले असावे असे मानतात. चर्चची बरीच मालमत्ता कायदेशीर अडचणींमुळे त्यांच्या नावावर होती, त्यामुळे खासगी काय आणि चर्चचे काय हे वेगळे करताना वारसांशी कज्जा झाला. तो १८७९ मध्ये तडजोडीने मिटला.

सॉल्ट लेक सिटीत गेल्यास काय पाहावे?

टेंपल स्क्वेअरवरचे टॅबरनॅकल हे सभागृह (१८६७) चुकवू नका: २५० फूट लांब, १५० फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. छताच्या लाकडी कमानी हेन्री ग्रो या पूल बांधणाऱ्याने केल्या. लाकडाला चीर पडेल तिथे कच्चे कातडे ओले करून घट्ट गुंडाळले आहे, ते वाळून आवळते. मंदिराचे बांधकाम १८५३ ते १८९३, चाळीस वर्षे चालले; मंदिरात एरवी फक्त सभासदांना प्रवेश असतो आणि २०१९ च्या अखेरीस भूकंपरोधनाचे मोठे काम सुरू झाले, म्हणून परिसरात काय खुले आहे ते आधी पाहून जा. यंग यांची बीहाइव्ह हाऊस आणि लायन हाऊस ही घरे चालत पाच मिनिटांवर, आणि कबर फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर.

इंटरनेटवर त्यांच्या नावे फिरणारी वाक्ये खरी असतात का?

काही खरी, काही अर्धवट, काही बनावट. ते टिपण न काढता बोलत, दोन-दोन तास. जॉर्ज वॉट हे लघुलिपीत उतरवून घेत आणि छापण्याआधी संपादन करत. लघुलिपीच्या मूळ वह्या अलीकडे वाचल्या गेल्यावर दिसले, की छापील मजकुरात वाक्ये बदललेली, वाढवलेली आहेत. म्हणून एखादे वाक्य वापरायचे असेल तर आधी तारीख शोधा. तारीख नसेल तर सोडून द्या. तारीख असेल तर त्या दिवसाच्या लघुलिपीचे लिप्यंतर उपलब्ध आहे का पाहा आणि आगेमागचा परिच्छेदही वाचा, कारण ते विनोदही पुष्कळ करत.